सहा महिने आणि सहा आठवडे

तारीख ८ एप्रिल २०२०, वार बुधवार. तुम्ही लखनौच्या विधान भवनात, विधानसभा सचिवालयाच्या एका शाखेत बसलेले आहात. काळाच्या या प्रवासात तुमच्या वाट्याला मंत्र्याची खुर्ची आलेली नाही, आमदाराचीही नाही. तुम्ही अनुभाग अधिकारी आहात. अधिवेशनाच्या तारखांचा कच्चा आराखडा, रोजच्या कामकाजाची यादी, कुठलं विधेयक कोणत्या दिवशी लागणार, खालच्या आणि वरच्या सभागृहाचा मेळ कसा बसणार, ही तुमची रोजीरोटी. तुमचे आजोबा पुण्याहून कैसरबागेतल्या मॅरिस कॉलेजात, म्हणजे भातखंड्यांनी १९२६ साली उभ्या केलेल्या संगीत विद्यालयात, गाणं शिकायला आले आणि परत गेलेच नाहीत. म्हणून तुम्ही घरात मराठी बोलता आणि ऑफिसात अदबीचं हिंदी.

टाळेबंदीला पंधरा दिवस झाले आहेत. विधानसभा मार्गावर चिटपाखरू नाही. एरवी या वेळी हजरतगंजच्या बाजूनं हॉर्नचा गोंगाट येतो, दारुलशफातल्या आमदार निवासाकडून माणसांची रीघ लागलेली असते. आज मिर्झापूरच्या फिक्या तपकिरी दगडाची ही इमारत पहिल्यांदाच एवढी मोठी वाटते. शाखेत तुम्ही आणि एक शिपाई. दोघांच्या तोंडाला घरी शिवलेले मास्क, टेबलावर सॅनिटायझरची बाटली, आणि भिंतीवर बँकेनं दिलेलं कॅलेंडर. पुढचे साडेचार महिने तुम्ही याच कॅलेंडराकडे बघत काढणार आहात.

रस्त्यापलीकडे लोकभवन, मुख्यमंत्र्यांचं कार्यालय. मंत्रिमंडळानं आज तीन गोष्टी मंजूर केल्याची बातमी येते. मुख्यमंत्री, मंत्री आणि आमदार यांच्या पगारात वर्षभर ३० टक्के कपात. विधायक निधी, म्हणजे आमदार निधी, एक वर्ष बंद. आणि राज्याच्या आकस्मिकता निधीची मर्यादा ६०० कोटींवरून १,२०० कोटी.

दुपारपर्यंत तुमचा फोन तापतो. पगाराबद्दल कुणी विचारत नाही, विचारतात ते निधीबद्दल. फेब्रुवारीच्या अधिवेशनातच मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी विधायक निधी दोन कोटींवरून तीन कोटी केला होता. आमदारांनी बाकं वाजवली होती. विधानसभेचे ४०३ आणि विधान परिषदेचे १०० मिळून ५०३. गुणिले तीन, म्हणजे १,५०९ कोटी रुपये. वाढीव निधीतला पहिला रुपया हातात पडण्याआधीच सगळं खातं कोविडकडे वळलं. पूर्वांचलातल्या एका आमदाराचे स्वीय सहायक तुम्हाला विचारतात, "भाईसाहब, ये सदन में आएगा क्या?"

तुम्ही सांगता, पगाराचं येईल, निधीचं नाही.

हा फरक नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आमदारांचा पगार कायद्यानं ठरलेला असतो, तो कापायचा तर कायदाच बदलायला हवा. सभागृह भरलेलं नसेल तर वटहुकूम काढायचा आणि नंतर विधेयक आणायचं. आकस्मिकता निधीची मर्यादाही कायद्यात लिहिलेली, म्हणून तिथंही तोच रस्ता. पण निधी रोखणं, महागाई भत्ता गोठवणं, नवी कामं थांबवणं, खात्यांचा खर्च आवळणं यासाठी फक्त शासनादेश पुरतो. सभागृहानं मंजूर केलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च करायचा असेल तर सरकारला पुरवणी मागण्या घेऊन पुन्हा सभागृहासमोर यावं लागतं. कमी खर्च करायला कुणाचीच परवानगी लागत नाही. राज्यघटना लिहिणाऱ्यांना उधळ्या सरकारची भीती होती. तिजोरी रिकामी झाल्यावर कुणाच्या ताटातलं काढायचं, हा प्रश्न त्यांनी कार्यकारी मंडळावर सोडला.

म्हणजे आर्थिक संकट जर खर्च वाढल्यामुळे आलं तर सभागृह लागतं. महसूल आटल्यामुळे आलं तर लागत नाही. २०२० सालचं संकट दुसऱ्या जातीचं.

तुमच्या कपाटात अर्थसंकल्पाचा संच आहे. १८ फेब्रुवारीला अर्थमंत्री सुरेश खन्ना यांनी तो मांडला: ५ लाख १२ हजार ८६० कोटी रुपये, तोवरचा राज्याचा सर्वांत मोठा. फेब्रुवारीअखेर तो मंजूर करून सभागृह उठलं. तेव्हा या घाईवर विरोधक चिडले होते. आता मार्चच्या चौथ्या आठवड्यात ज्या राज्यांना अर्थसंकल्प कसाबसा आटोपावा लागला, त्यांच्याकडे बघून तुम्ही सुटकेचा श्वास सोडता. ३१ मार्च ही तारीख कुणासाठी थांबत नाही. तोवर विनियोजन विधेयक किंवा निदान लेखानुदान मंजूर नसेल तर १ एप्रिलपासून शिपायाचा पगारही काढता येत नाही. लखनौ त्यातून वाचलं. पण त्या लाल बासनातल्या आकड्यांच्या मागे जो महसूल गृहीत धरला होता, तो आता कुठे आहे?

मे महिना भराभर जातो. एप्रिलचा कर महसूल उद्दिष्टाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका आल्याचं खन्ना सांगतात. ४ मे रोजी दारूची दुकानं उघडतात आणि रांगा लागतात. ६ मे रोजी पेट्रोल २ रुपयांनी, डिझेल १ रुपयानं महागतं, दारूच्या बाटलीवर ५ पासून ४०० रुपयांपर्यंत वाढ. हेही अधिसूचनेनं. १६ लाख कर्मचाऱ्यांचा वाढीव महागाई भत्ता आधीच गोठलेला; आता नगर प्रतिकर भत्ता कायमचा बंद. तुमच्या पगारपत्रकातली ती ओळच नाहीशी होते. शिपाई स्वतःचं पगारपत्रक उलटंपालटं करून बघतो, जणू ती ओळ मागच्या बाजूला छापली असेल. १७ मे रोजी निर्मला सीतारामन राज्यांची कर्जमर्यादा सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत नेतात, बहुतेक भाग अटींसह. तोही कर्जाचा निर्णय, पण दिल्लीचा.

एवढ्या सगळ्यात तुमच्या टेबलावर काय येतं? वटहुकूम. एकामागून एक. प्रत्येकाची नोंद तुम्ही वहीत करता: नाव, राज्यपालांच्या सहीची तारीख, आणि तिसरा रकाना रिकामा. तिसऱ्या रकान्यात वटहुकूम कधी मरणार ती तारीख यायची असते.

इथे तुमच्या धंद्यातली दोन गणितं. घटनेचं कलम १७४ म्हणतं, एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्या अधिवेशनाची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये. कलम २१३ म्हणतं, सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत वटहुकुमाचा कायदा झाला नाही तर तो संपला. फेब्रुवारीअखेर उठलेलं सभागृह ऑगस्ट संपायच्या आत भरलंच पाहिजे. भरलं की सगळ्या वटहुकुमांची घड्याळं एकदम टिकटिकायला लागणार. म्हणजे सभागृह भरायचं तर वटहुकुमांच्या जागी विधेयकं तयार हवीत, छापलेली हवीत, आणि शक्यतो त्याच बैठकीत दोन्ही सभागृहांतून पार व्हायला हवीत, कारण सहा आठवड्यांत दुसऱ्यांदा बोलावण्याची कुणाचीच इच्छा नाही.

या दोन गणितांत लोकांना चर्चा हवी आहे की नाही, याचा रकानाच नाही.

जूनमधल्या एका उकाड्याच्या दुपारी जुनी इतिवृत्तं शोधायला तुम्ही ग्रंथालयाकडे निघता आणि जिन्यावर काळ आणखी घसरतो. १९३१. इमारत तीन वर्षांची, दगडाला अजून नवेपणाचा रंग. २१ फेब्रुवारी १९२८ रोजी उद्घाटन झालं तेव्हा हिला कौन्सिल हाउस म्हणत. जगभर मंदी, गव्हाचे भाव कोसळलेले, अवधच्या शेतकऱ्याकडे खंड द्यायला पैसा नाही, जमीनदाराकडे सारा भरायला नाही. गव्हर्नर सर माल्कम हेली खंडात आणि साऱ्यात सूट देतात. अध्यक्षाच्या आसनावर लाला सीताराम. समोरच्या बाकांवर बसलेल्यांत जमीनदारच जास्त, त्यामुळे पैशाचं संकट त्यांना वर्तमानपत्रातून कळत नाही, ते त्यांच्या देवडीवर येऊन बसलेलं असतं. उन्हाळा आला की कौन्सिलच्या बैठका नैनितालच्या थंडाव्यात. मुंबई, पुणे, नागपूर असा फिरता दरबार ठाऊक असलेल्या मराठी माणसाला यात काही नवल नाही. कौन्सिलनं एखादी मागणी कापली तरी राखीव खात्यांपुरती ती परत बसवण्याचा अधिकार गव्हर्नरला होता. म्हणजे तेव्हाही शेवटचा शब्द बाहेरच्याचा. फक्त तो तसा उघड लिहिलेला होता.

शिपाई हाक मारतो, "साहब, फोन." तुम्ही २०२० मध्ये परत.

फोन मुंबईचा. तिथल्या विधान मंडळ सचिवालयातले तुमचे एक स्नेही. तुमच्यासारखेच कॅलेंडराचे मजूर.

"तुमचं काय ठरलं?"

"आमचं २२ जून ठरलं होतं," ते म्हणतात. "मग ३ ऑगस्ट. आता बहुधा तेही पुढे जातंय. तुम्हाला ऑगस्ट चुकत नाही ना?"

"नाही. आम्ही फेब्रुवारीत उठलो."

"आम्ही १४ मार्चला. २० पर्यंत चालायचं होतं, गुंडाळलं. त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आम्हाला मोकळीक आहे. पण अहो, मोकळीक मिळाली की अधिवेशन जवळ येत नाही, लांबच जातं."

हे त्यांचं बोलणं खरं ठरलं. महाराष्ट्राचं पावसाळी अधिवेशन शेवटी ७ आणि ८ सप्टेंबरला भरलं. दोन दिवस. त्यात अजित पवारांनी २९,०८४ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या. विकासकामांचा खर्च ३३ टक्क्यांवर आणायचा, नवी भरती थांबवायची, हे निर्णय मे महिन्यातच शासन निर्णयानं होऊन गेलेले. एकाच पेचात अडकलेली दोन राज्यं, एकात भाजपचं सरकार, दुसऱ्यात महाविकास आघाडीचं. तेव्हा पक्षाकडे बोट दाखवून मोकळं होण्याची सोय इथे नाही. दिल्लीतही संसद १४ सप्टेंबरला भरली ती प्रश्नोत्तराचा तास वगळून, आणि ठरल्याच्या आठवडाभर आधी उठली.

जुलैच्या शेवटी तुम्ही ऑगस्टच्या पानावर पेन्सिलीनं फुल्या मारायला घेता. ३ तारखेला राखी. ५ तारखेला अयोध्येत भूमिपूजन, पंतप्रधान येणार. आठवडाभर आधीपासून एकही वरिष्ठ अधिकारी फोनवर सापडणार नाही. १२ ला जन्माष्टमी. १५ ऑगस्टला तर विधान भवनासमोरच मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ध्वजवंदन. २१ च्या आसपास मोहरम सुरू, आणि लखनौत मोहरम म्हणजे काय ते लखनौकरालाच विचारा, मिरवणुका बंद असल्या तरी बंदोबस्त असतोच. जुलैपासून शनिवार-रविवार राज्यभर बंदी. सदस्यांना नियमावलीप्रमाणे १४ दिवस आधी आमंत्रण जायला हवं. महिनाअखेरपर्यंत ओढायचं तर सहा महिन्यांची मर्यादा अंगावर येते. तुम्ही ठरवत नाही. ठरवतं मंत्रिमंडळ, बोलावतात राज्यपाल आनंदीबेन पटेल. पण फुल्या मारून झाल्यावर पानावर एवढी कमी जागा उरते की ठरवण्यासारखं फार नसतंच. गुरुवार, २० ऑगस्ट.

मग ऑगस्ट उजाडतो, आणि २ तारखेला रविवारी सकाळी बातमी येते: तंत्रशिक्षण मंत्री कमल रानी वरुण गेल्या. लखनौच्या एसजीपीजीआयमध्ये कोविडवर उपचार सुरू होते. १६ तारखेला, पुन्हा रविवारी, गुरुग्रामहून दुसरी: चेतन चौहान गेले.

इथे तुम्ही क्षणभर सरकारी कागद बाजूला ठेवता. उत्तर प्रदेशाला ते नौगावा सादातचे आमदार, सैनिक कल्याण आणि होमगार्ड खात्याचे मंत्री, अमरोह्याचे माजी खासदार. तुमच्या वडिलांना ते पुण्याचे चौहान. लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा, बरेलीत जन्म, वाडिया कॉलेजात शिक्षण, महाराष्ट्राकडून रणजी, आणि पुढे गावसकरांच्या बरोबर सलामीला. १९७९ साली ओव्हलवर दोघांनी केलेली २१३ धावांची भागी तुमच्या वडिलांनी रेडिओला कान लावून ऐकली होती. चाळीस कसोट्या, दोन हजारांवर धावा, एकही शतक नाही. वडील नेहमी म्हणायचे, दुसऱ्या टोकाला उभं राहणं हेही काम असतं. सोमवारी सकाळी तुम्ही शोक प्रस्तावाच्या मसुद्यात त्यांचा परिचय लिहायला घेता. क्रिकेटसाठी किती ओळी द्यायच्या याचा नियम नाही. तुम्ही दोन देता. वरून एक कापली जाते.

लखनौच्या कार्यसूचीत या मथळ्याला 'निधन के निदेश' म्हणतात. यादी लांबतच चालली आहे. वरुण, चौहान. मल्हनीचे पारसनाथ यादव, बुलंदशहरचे वीरेंद्रसिंह सिरोही, आणि लखनौचे लालजी टंडन, जे मध्य प्रदेशाचे राज्यपाल असताना जुलैत गेले. पहिल्या दिवशी शोक आणि तहकुबी, ही प्रथाच आहे आणि ती योग्यच आहे. पण वेळापत्रक करणाऱ्याच्या नजरेनं बघा. तीन दिवसांचं अधिवेशन, त्यातला पहिला गेला.

त्या आठवड्यात तुम्ही जे करता त्याला राज्यशास्त्राच्या पुस्तकात नाव नाही. बसण्याच्या जागा मोजता. सभागृह अष्टकोनी, वर घुमट, छताला पिसारा फुलवलेले मोर. खाली ४०३ माणसं अंतर ठेवून बसवायची. ती बसत नाहीत. मग प्रेक्षकांचा सज्जा आमदारांसाठी उघडायचा, कारण यंदा प्रेक्षक नाहीतच. सज्ज्यातून बोलणाऱ्याचा माईक कुठून चालू होणार? त्याचा आवाज कोणत्या दिशेनं आला हे अध्यक्षांना कसं कळणार? आवाजी मतदानात वरून आलेला 'हाँ' मोजायचा कसा? चाचणीचा अहवाल दारावर कोण तपासणार, आणि एखादा आमदार बाधित निघाला तर त्याच्या नावावरच्या सूचनेचं काय? अध्यक्ष हृदयनारायण दीक्षित, एरवी ऋग्वेदावर लेख लिहिणारे, या प्रश्नांच्या चिठ्ठ्या शांतपणे वाचतात. कार्यमंत्रणा समितीची बैठक होते. महाराष्ट्रात तिला कामकाज सल्लागार समिती म्हणतात. काम तेच, कोणत्या विषयाला किती वेळ ते सगळ्या पक्षांनी मिळून ठरवायचं. आता वाटायला वेळच नाही, त्यामुळे भांडणही फार होत नाही.

गुरुवारी सकाळी समाजवादी पक्षाचे आमदार चौधरी चरणसिंहांच्या पुतळ्यापाशी फलक घेऊन उभे राहतात. आत शोक प्रस्ताव, मौन, तहकुबी.

रात्री उशिरा तुमचा मोबाइल वाजतो. देवरियाचे भाजप आमदार जन्मेजय सिंह. हृदयविकाराचा झटका, लखनौतच. तुम्ही अंधारात चष्मा शोधत उठता. उद्याच्या कार्यसूचीत पहिली ओळ बदलायची आहे. शुक्रवारची सकाळही शोकानं सुरू होते.

घरात शुक्रवारी हरतालिका. बायकोनं निर्जळी उपास धरलेला. "अहो, उद्या तरी घरी असाल ना? चतुर्थी आहे."

"उद्या सभागृह आहे."

"शनिवारी? सगळं शहर बंद असताना?"

तुमच्याकडे उत्तर आहे, पण ते कलम क्रमांकांत आहे, म्हणून तुम्ही गप्प बसता.

२२ ऑगस्ट २०२०, शनिवार, गणेश चतुर्थी. बंदीमुळे हजरतगंजची शटरं खाली, लालबागेतल्या शर्माजींच्या चहाच्या टपरीसमोर एरवी उभी राहणारी गर्दी नाही. एकाच इमारतीत तेवढी वर्दळ आहे. तुमच्या हातात दिवसभराची यादी आणि टोक केलेली पेन्सिल. या अधिवेशनात दोन डझनांहून जास्त विधेयकं पार व्हायची आहेत, त्यातली बहुतेक आज. शेवटच्या मुक्कामी एसटीत माणसं कोंबावीत तशी ती एका पानावर बसवली आहेत, आणि बसवली आहेत तुम्हीच.

मंत्री उठतात, विधेयक विचारात घ्यावं असं म्हणतात. विरोधक घोषणा देताहेत. विरोधी पक्षनेते रामगोविंद चौधरी कायदा-सुव्यवस्थेवर बोलू पाहताहेत. जे बाजूने असतील त्यांनी 'हाँ' म्हणावं. 'हाँ.' पेन्सिलीची एक खूण. पुढचं. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीची वसुली, ज्यावर एरवी आठवडाभर वाद झाला असता. सार्वजनिक आरोग्य आणि साथरोग नियंत्रण. मंत्र्यांचे वेतन. आमदारांचे वेतन. आकस्मिकता निधी.

या शेवटच्या नावापाशी पेन्सिल थोडी थांबवा. आकस्मिकता निधी म्हणजे अचानक आलेल्या खर्चासाठी सरकारच्या हातातली उचल. सभागृह बसलेलं नसताना यातून पैसे काढायचे, आणि नंतर सभागृहाची मंजुरी घेऊन भरून टाकायचे. त्याची मर्यादा दुप्पट करणं म्हणजे, सभागृहाला न विचारता हाताशी ठेवता येणारी रक्कम दुप्पट करणं. साथीच्या वर्षात त्याला कारण आहे, भरपूर आहे. पण तो प्रश्न सभागृहानं स्वतःशी अर्धा तास तरी बोलायला हवा होता. आपल्या गैरहजेरीत किती पैसे खर्च व्हावेत हे ठरवण्याएवढा जवळचा विषय आमदारांना दुसरा कुठला असणार? या गर्दीत त्याला अर्धा तास मिळणं शक्य नव्हतं. यादी तुम्ही केली आहे, तुम्हाला ते सगळ्यांत आधी कळलेलं असतं.

सरकारची बाजूही मांडतो, नाहीतर हा प्रवास एकतर्फी होईल. पंधरा दिवसांत दोन मंत्री गेले आहेत. सज्ज्यात बसलेल्यांत सत्तरीच्या पुढचे कितीतरी. शंभर जिल्ह्यांतून नाही म्हटलं तरी पंचाहत्तर जिल्ह्यांतून माणसं एका बंद घुमटाखाली आणून आठवडाभर बसवायची, हे कुठलाही डॉक्टर मान्य करणार नाही. छोटं अधिवेशन हा गुन्हा नव्हता. प्रश्न वेगळा आहे: एप्रिल ते ऑगस्ट या काळात पडद्यावरून बैठक का घेतली गेली नाही? ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सनं एप्रिल २०२० मध्येच मोजके सदस्य सभागृहात, इतर घरून पडद्यावर अशी सोय सुरू केली. आपल्याकडे मंत्रिमंडळाच्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या, उद्योगपतींच्या बैठका रोज पडद्यावर चालल्या होत्या. अर्थमंत्र्यांनी महिन्यातून एकदा एका समितीसमोर बसून महसूल किती आला, कुठली कामं थांबवली, कुणाचं देणं थकलं एवढं सांगायला घुमट लागत नव्हता. तारखा मोजण्यात आम्ही, म्हणजे तुम्ही, सगळं कौशल्य लावलं. पण त्या तारखांच्या मधल्या काळात काय करायचं हे आपल्याला कुणी विचारलं नाही आणि आपणही कुणाला सुचवलं नाही.

विधेयकं वरच्या सभागृहात जातात, तिकडून परत येतात. वहीतला तिसरा रकाना भरत जातो. सभागृह अनिश्चित काळासाठी तहकूब.

घरी पोचता तेव्हा दिवेलागण झालेली. गणपती बसलाय, शाडूचा, वीतभर. बायकोनं मोदक केलेत पण खवा मिळाला नाही म्हणून गूळ-खोबऱ्याचे, म्हणजे खरे. चौकातल्या सराफ्यात दरवर्षी विटा-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांचा गणपती असतो, तुम्ही तिथे आरतीला जाता. दीडशे-दोनशे सांगली-सातारकर माणसं लखनौच्या गल्लीत झांजा वाजवताना बघून लखनौकरांना मजा वाटते. यंदा सार्वजनिक मंडपांना परवानगी नाही. सोनं गाळणाऱ्यांच्या भट्ट्या कित्येक महिने थंड होत्या, बरेचजण गावी गेले ते अजून आलेले नाहीत. त्यांचं नुकसान कुठल्या विधेयकात नव्हतं, कुठल्या यादीत नव्हतं. एक गलाईवाला फोनवर विचारतो, "काका, तुमच्या विधानसभेत आज आमचं काय झालं का?" तुम्ही त्याला मोदक खायला बोलावता.

सोमवारी शाखेत गेल्यावर पहिलं काम: कॅलेंडराची पानं उलटणं. नियमावलीची अपेक्षा वर्षाला ९० बैठकांची आहे आणि हिवाळी अधिवेशनाचीही. तुम्ही डिसेंबरच्या पानावर पेन्सिलीनं एक बारीक ठिपका देऊन ठेवता, सवयीनं.

तो ठिपका तसाच राहिला. २०२० मध्ये लखनौत हिवाळी अधिवेशन झालं नाही. पुढचं अधिवेशन राज्यपालांच्या अभिभाषणानं सुरू झालं १८ फेब्रुवारी २०२१ रोजी, आणि २२ फेब्रुवारीला खन्नांनी ५ लाख ५० हजार २७० कोटींचा, राज्याचा पहिला कागदविरहित अर्थसंकल्प मांडला. २२ ऑगस्टपासून सहा महिने पुरे व्हायला १८ फेब्रुवारीला चार दिवस शिल्लक होते.